राज्यसंस्थेने मांडलेला डाव

फिलिपाईन्सच्या खेडोपाडी माणूस मेला की त्याचा देह काही दिवस घरातच ठेवण्याची रीत आहे. त्या रात्री प्रेताजवळ कोणी ना कोणी जागे राहावे लागते. जागरणासाठी शेजारीपाजारी जमतात, अंगणात बाके मांडली जातात आणि मग पत्त्यांचे डाव सुरू होतात. या डावांत सर्वांत लोकप्रिय असलेला डाव म्हणजे टोंगिट्स. रमीच्या कुळातला, अमेरिकेत खेळल्या जाणाऱ्या ‘टाँक’ या खेळाशी जवळचे नाते सांगणारा हा तिघांचा खेळ आहे. प्रत्येक डावातून थोडे पैसे बाजूला काढले जातात. त्यांना तिथल्या भाषेत ‘टोंग’ म्हणतात. जागरणाच्या रात्री जमलेला हा टोंग मृताच्या कुटुंबाला दिला जातो. शवपेटीचा, दफनाचा आणि आल्यागेल्याच्या कॉफीचा खर्च काही अंशी त्यातून भागतो. जुगार तो जुगारच. परंतु त्यात हरलेला पैसा गावातच राहत होता आणि त्यातला एक वाटा दुःखात सापडलेल्या घराकडे जात होता, हे विसरून चालणार नाही.

आज हाच टोंगिट्स मोबाइलच्या पडद्यावर आला आहे. बावन्न पत्त्यांचा तोच कॅट, तेच तीन खेळाडू, तेच नियम. परंतु अंगण गेले, शेजारी गेला आणि टोंगही मृताच्या घरी जाणे थांबले. तो आता एका नोंदणीकृत कंपनीच्या खात्यावर जमा होतो आणि त्यातला ठरलेला हिस्सा सरकारी परवान्याच्या शुल्करूपाने राज्याच्या तिजोरीत जातो. वरवर पाहता हा तंत्रज्ञानातला बदल वाटतो. वस्तुतः तो मालकीतला बदल आहे, आणि म्हणूनच समाजवादी कार्यकर्त्यांनी त्याचा विचार केवळ व्यसनमुक्तीचा विषय म्हणून न करता अर्थकारणाचा आणि राज्यसंस्थेच्या स्वरूपाचा विषय म्हणून करणे अगत्याचे आहे.

खेळाची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. वाटणाऱ्याला तेरा पत्ते मिळतात, उरलेल्या दोघांना बारा-बारा. राहिलेले पंधरा पत्ते मध्ये उपडे ठेवले जातात. एका किमतीचे तीन-चार पत्ते किंवा एकाच रंगाचे ओळीने येणारे पत्ते जुळवून ते खाली मांडायचे आणि हातातले पत्ते संपवायचे किंवा त्यांची बेरीज इतरांपेक्षा कमी ठेवायची, हा या खेळाचा गाभा. जुळलेल्या पत्त्यांच्या संचाला टागालोग भाषेत ‘बाहाय’ म्हणजे घर म्हणतात. डाव संपेपर्यंत ज्याला एकही घर मांडता आले नाही तो ‘सुनोग’, म्हणजे जळालेला. घर नसलेला जळतो, हा पत्त्यांचा नियम तिथल्या झोपडपट्टीतल्या माणसाला मुद्दाम समजावून सांगावा लागत नाही.

समोरासमोरच्या डावाला काही नैसर्गिक मर्यादा असतात. तीन माणसे एका जागी जमावी लागतात. एकाचे पैसे संपले की फड उठतो. बायको हाक मारते, पहाट होते, कामाची वेळ होते. हरणाऱ्याचा चेहरा जिंकणाऱ्याला दिसत असतो आणि उद्या त्याच गल्लीत दोघांना राहायचे असते. पडद्यावरच्या डावात यातले काहीच उरत नाही. दिवसरात्र कोणत्याही क्षणी दोन अनोळखी प्रतिस्पर्धी तयार असतात. एक डाव संपताच दुसरा सुरू होतो. पैसे नोटांच्या रूपाने हातातून जात नाहीत, फक्त आकडा कमी होतो. जिथे पगार जमा होतो, परदेशातल्या नातलगाने पाठवलेली रक्कम येते आणि किरकोळ कर्जही मिळते, त्याच मोबाइलमध्ये जुगाराचे दार उघडलेले असते. मजुरी, कर्ज आणि जुगार ही तिन्ही खाती एकाच यंत्रात, एका बोटाच्या अंतरावर आणून ठेवण्याची ही किमया कोणत्याही जुन्या अड्डेवाल्याला साधलेली नव्हती.

या धंद्याचे गणित साधे आहे. जुगाराच्या अड्ड्यावर मालक प्रत्येक डावामागे आपली नाल काढून घेतो. कोण जिंकले, कोण हरले याच्याशी त्याला कर्तव्य नसते. समजा, तीन खेळाडू प्रत्येकी शंभर पेसो घेऊन बसले, प्रत्येक डावात वीस-वीस पेसो लावले आणि मालकाने साठ पेसोंच्या ढिगातून पाच टक्के, म्हणजे तीन पेसो काढले. तासाला वीस डाव झाले तर तासाला साठ पेसो मालकाकडे जातात. तिघेही तुल्यबळ असले, कोणी कोणाला विशेष हरवले नाही, तरी पाच तासांत तिघांचे मिळून असलेले तीनशे पेसो मालकाच्या खिशात गेलेले असतात. खेळाडू एकमेकांशी लढतात आणि जिंकतो चौथाच. कौशल्याचा कितीही गौरव केला तरी या गणितात फरक पडत नाही. उलट कौशल्याने एवढेच होते की सराईत खेळाडू नवख्याला लवकर नागवतो आणि मालकाची नाल तेवढ्याच इमानाने निघत राहते.

हा चौथा कोण, या प्रश्नाचे उत्तर शोधताना फिलिपाईन्सच्या इतिहासाकडे वळावे लागते. स्पॅनिश वसाहतवाद्यांनी कोंबड्यांच्या झुंजींचा मक्ता लिलावाने देऊन महसूल उभा केला होता. रयतेचा नाद हा सत्तेच्या उत्पन्नाचा मार्ग होता. अमेरिकन अमदानीत १९०७ साली जुगारबंदीचा कायदा झाला. परंतु आजच्या व्यवस्थेचा पाया घातला तो फर्डिनंड मार्कोस यांच्या लष्करी कायद्याच्या काळात. संसद बंद होती, हुकूमनामे हाच कायदा होता. १९७७ च्या प्रारंभी निघालेल्या एका हुकूमनाम्याने ‘पॅगकॉर’ हे सरकारी जुगार महामंडळ स्थापन केले आणि कॅसिनो चालवण्याचा अधिकार त्याला दिला. पुढच्याच वर्षी, १९७८ साली, हुकूमनामा क्रमांक १६०२ निघाला. त्याने बेकायदा जुगाराच्या शिक्षा वाढवल्या आणि मटक्यासारख्या आकड्यांच्या खेळापासून पत्त्यांच्या खेळांपर्यंत लोकांमध्ये रुळलेल्या नाना प्रकारांची यादीच दिली.

हे दोन हुकूमनामे शेजारीशेजारी ठेवून वाचले म्हणजे सत्ताधारी वर्गाची नीती उघडी पडते. जुगार वाईट आहे की चांगला, हा तिथे प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो मक्तेदारीचा. वातानुकूलित दिवाणखान्यात परवान्याने खेळला जाणारा जुगार ‘मनोरंजन’ ठरला आणि पर्यटनाला उत्तेजन देणारा उद्योग म्हणून त्याचा गौरव झाला. पदपथावर खोके उपडे टाकून पाच-दहा पेसोंवर खेळणारा हातगाडीवाला गुन्हेगार ठरला. हुकूमशहा १९८६ साली जनतेच्या उठावाने पळून गेला, परंतु त्याने उभारलेले हे यंत्र पुढच्या प्रत्येक लोकनियुक्त सरकारने जपून वापरले. २००७ साली कायदा करून महामंडळाची सनद आणखी पंचवीस वर्षांनी वाढवण्यात आली. जुगार चालवणारे आणि जुगारावर नियंत्रण ठेवणारे, परवाना देणारे आणि परवान्याचे उत्पन्न घेणारे असे हे एकच मंडळ. पंच आणि खेळाडू एकाच अंगरख्यात असला की निकाल काय लागणार हे सांगायला ज्योतिषी नको.

पदपथावर टोंगिट्स खेळताना पोलिसांनी माणसे पकडल्याच्या आणि डावावरचे शेदोनशे पेसो पुरावा म्हणून जप्त केल्याच्या बातम्या तिथल्या वृत्तपत्रांत नित्याच्याच असतात. तोच माणूस तोच खेळ मोबाइलवर परवानाधारक कंपनीमार्फत खेळला तर तो सन्माननीय ग्राहक ठरतो. त्याला स्वागताचे बक्षीस मिळते, चित्रपटतारका जाहिरातीतून त्याला हाक मारतात. एकाच कृतीला एका ठिकाणी बेडी आणि दुसऱ्या ठिकाणी बक्षीस, हा भेद नीतीचा नव्हे. नाल कोणाकडे जाते याचा आहे.

महामंडळाच्या आकडेवारीनुसार २०२५ च्या पहिल्या सहा महिन्यांत परवानाधारक जुगार-उद्योगाचे ढोबळ उत्पन्न सुमारे २१५ अब्ज पेसो झाले आणि त्यातला निम्म्याहून अधिक वाटा इलेक्ट्रॉनिक खेळांचा होता. भव्य कॅसिनोंना हातातल्या मोबाइलने मागे टाकले. कॅसिनोत जाणारा हा बहुधा खिसा भरलेला असतो. मोबाइल मात्र रिक्षावाल्याजवळ आहे, बाजारातल्या मासेवालीजवळ आहे, कारखान्यातल्या कंत्राटी कामगाराजवळ आहे. उत्पन्नाचे केंद्र कॅसिनोतून मोबाइलकडे सरकले याचा अर्थ, जुगाराचा बोजा श्रीमंताच्या खिशावरून गरिबाच्या खिशावर सरकला. ‘ढोबळ उत्पन्न’ हा शब्द फसवा आहे. लोकांनी लावलेल्या पैशातून त्यांना परत मिळालेली बक्षिसे वजा केली की जे उरते ते हे उत्पन्न. सरळ भाषेत बोलायचे तर ती लोकांनी हरलेल्या पैशाची बेरीज आहे.

याच सरकारची दुसरी बाजूही पाहावी. जानेवारी २०२५ पासून महामंडळाने इलेक्ट्रॉनिक जुगारावरचा आपला हिस्सा तीस टक्क्यांवर आणला. काही वर्षांपूर्वी तो पन्नास टक्क्यांहून अधिक होता. बेकायदा कंपन्या कायद्याच्या कक्षेत याव्यात म्हणून ही सवलत, असे समर्थन करण्यात आले. त्याच वर्षी जून महिन्यात किमान वेतनात देशव्यापी वाढ करणारे विधेयक कायदा न होताच बारगळले. प्रतिनिधिगृहाने रोज दोनशे पेसोंची वाढ मंजूर केली होती, सिनेटने शंभर पेसोंची. दोन्ही सभागृहांचा मेळ बसण्याआधीच अधिवेशन संपले. कामगारांच्या पदरात पडली ती प्रादेशिक वेतनमंडळाने राजधानी मनिला परिसरापुरती दिलेली पन्नास पेसोंची वाढ, ज्यामुळे तिथला किमान दर रोज ६९५ पेसो झाला. प्रांतांतले दर त्याहून कमीच आहेत. जुगार कंपन्यांना सवलत देण्यासाठी एक प्रशासकीय आदेश पुरतो आणि मजुराला शंभर पेसो देण्यासाठी दोन सभागृहे एकत्र येऊ शकत नाहीत, यातच त्या राज्याचे वर्गचरित्र स्पष्ट होते.

गरीब माणूस जुगार का खेळतो, या प्रश्नाला धनिकांच्या वर्तुळात एक ठरीव उत्तर असते: त्याला अक्कल नाही, काटकसर ठाऊक नाही, जुगार त्याच्या रक्तातच आहे. वसाहतवादी हेच बोलत होते. होसे रिझाल या फिलिपिनो देशभक्ताने १८९० साली ‘ला सोलिदारिदाद’ या नियतकालिकात फिलिपिनोंच्या कथित आळसावर प्रदीर्घ निबंध लिहून या उत्तराचा समाचार घेतला होता. आळस हा जन्मजात स्वभाव नसून दुःशासनाचा परिणाम आहे, श्रमाचे फळ श्रमणाऱ्याला मिळत नसेल तर त्याने श्रमावर निष्ठा कशी ठेवावी, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय होता. तोच न्याय जुगारालाही लागू आहे. दिवसभर राबून जे मिळते त्यातून मुलाचे शिक्षण, म्हाताऱ्याचे औषध आणि डोक्यावरचे छप्पर यांपैकी काहीच साधणार नाही, हे ज्याला पक्के कळून चुकले आहे त्याला वीस पेसोंच्या डावात एक फट दिसते. ती फट खोटी असते. परंतु तिच्याकडे बघायला लावणारी भिंत मात्र खरी असते.

या भिंतीचे एक टोक परदेशात आहे. २०२४ साली परदेशांत राबणाऱ्या फिलिपिनोंनी बँकांमार्फत मायदेशी ३४ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम पाठवली. आखाती देशांतल्या मोलकरणी, हाँगकाँगमधल्या आया, जगभरच्या रुग्णालयांतल्या परिचारिका आणि मालवाहू जहाजांवरचे खलाशी यांच्या घामाचा हा पैसा. याच जहाजांवर कोकण-गोव्याची माणसेही फिलिपिनो खलाशांच्या खांद्याला खांदा लावून काम करतात. घरापासून महिनोन्महिने दूर असलेल्या माणसाची रात्र किती लांब असते हे त्यांना ठाऊक आहे. ज्या देशाने आपल्या माणसांना काम देण्याऐवजी माणसांचीच निर्यात केली, त्याच देशाच्या मोबाइलमध्ये परदेशातून आलेला तो पैसा टिपून घेण्यासाठी जुगाराचा गळ लावून ठेवला जातो, याहून क्रूर विटंबना कोणती?

यावर सरकारपक्षाचे उत्तर असे की हा पैसा लोककल्याणासाठीच खर्च होतो. ते पूर्ण असत्य नाही आणि म्हणूनच अधिक धोकादायक आहे. २०१९ च्या सार्वत्रिक आरोग्यसेवा कायद्याने जुगार महामंडळाकडून राष्ट्रीय सरकारला मिळणाऱ्या हिश्श्यापैकी निम्मी रक्कम आरोग्यविम्यासाठी राखून ठेवली आहे. क्रीडा क्षेत्रालाही तिथून पैसा जातो. दुसरीकडे २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारने त्याच आरोग्यविमा महामंडळाचे अनुदान शून्यावर आणले. धनिकांवर कर बसवून रुग्णालये चालवायची नाहीत, मजुराला आधी जुगारात नागवायचे आणि मग त्याच्या हरलेल्या पैशातून त्याच्याच औषधाचा काही भाग भागवायचा, असा हा व्यवहार आहे. इच्छेने भरलेला कर असे त्याचे वर्णन केले जाते. खरे तर तो गरिबावरचा सर्वांत विषम कर आहे, कारण ज्याची निराशा अधिक तो अधिक भरतो. शिवाय त्याने एक घातक साखळी तयार होते. रुग्णालयाला पैसा हवा असेल तर जुगार वाढला पाहिजे. जुगार कमी झाला तर रुग्णालयाचा पैसा आटतो. मग जुगाराला विरोध करणारा हा रुग्णांचा शत्रू म्हणून उभा केला जातो.

या व्यवस्थेचा शेवट कुठे होतो हेही त्या देशाने पाहिले आहे. हुएतेंग या आकड्यांच्या बेकायदा खेळातील हप्त्यांच्या आरोपातून २००० साली राष्ट्राध्यक्ष जोसेफ एस्त्रादा यांच्यावर महाभियोग आला, २००१ च्या जानेवारीत त्यांना पायउतार व्हावे लागले आणि २००७ साली ते दोषीही ठरले. काही आठवड्यांतच त्यांना माफीही मिळाली. महासाथीच्या काळात कोंबड्यांच्या झुंजी मोबाइलवर आल्या. २०२१-२२ मध्ये या झुंजींशी संबंधित तीसहून अधिक माणसे बेपत्ता झाली आणि मे २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांना तो प्रकार थांबवावा लागला. २०१६ नंतर परदेशी गिऱ्हाइकांसाठी फिलिपाईन्समधून जुगार चालवणाऱ्या कंपन्यांना परवाने दिले गेले. त्यांच्या कुंपणाआड माणसांची तस्करी, डांबून ठेवणे आणि फसवणुकीचे कारखाने आढळले. जुलै २०२४ मध्ये त्यांच्यावर बंदी जाहीर झाली आणि २०२५ साली तिला कायद्याचे रूप आले. प्रत्येक वेळी क्रम तोच: आधी महसुलाचे गुणगान, मग प्रेते आणि बेपत्ता माणसे, शेवटी बंदी. आणि बंदी येईपर्यंत नवे दार उघडलेले असते. जुलै २०२५ मध्ये बंदीची आणि नियंत्रणाची परस्परविरोधी विधेयके सिनेटमध्ये आली, कॅथलिक बिशपांच्या परिषदेने ऑनलाइन जुगाराविरुद्ध आवाज उठवला. परंतु त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्षांनी राष्ट्राला उद्देशून केलेल्या वार्षिक भाषणात या विषयाचा उल्लेखही नव्हता.

तरीही एक गोष्ट घडली आणि ती बोधप्रद आहे. ऑगस्ट २०२५ च्या मध्यास फिलिपाईन्सच्या मध्यवर्ती बँकेने मोबाइल-पाकिटांच्या कंपन्यांना जुगाराच्या संस्थळांकडे जाणारी दारे ४८ तासांत बंद करण्याचा आदेश दिला. कंपन्यांनी तो पाळला आणि जुगाराची उलाढाल लक्षणीय उतरली. वर्षानुवर्षे ‘तंत्रज्ञानाला कोण रोखणार’ असे सांगितले जात होते; एका आदेशाने दोन दिवसांत दार बंद झाले. म्हणजे राज्यसंस्थेजवळ शक्ती नव्हती असे नाही, इच्छा नव्हती. अर्थात खिडक्या उघड्या राहिल्याच. संस्थळावर स्वतः जाऊन खेळायला मुभा राहिली आणि चोरट्या संस्थळांचा सुळसुळाट तर आहेच. परंतु पगाराचे खाते आणि जुगाराचे खाते यांच्यामध्ये चार पावलांचे अंतर घातले तरी माणूस विचार करायला थांबतो, हे सिद्ध झाले.

त्याच महिन्यात भारताच्या संसदेतही या विषयाने वळण घेतले. २० ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेने आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेने पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारे विधेयक मंजूर केले. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसा लावला की बंदी, असे या कायद्याचे स्वरूप आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवले आणि न्यायालयात आव्हानही दिले. मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या १९५७ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा व्यापार नव्हे असे म्हटले होते. १९६७ साली त्याच न्यायालयाने रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवला. ऑनलाइन रमीच्या कंपन्यांनी या दुसऱ्या निकालाच्या आडोशाला आपला प्रचंड धंदा उभारला. क्लबातल्या रमीबद्दलचा निर्णय कोट्यवधी मोबाइलना लागू करण्याची ही चलाखी होती. तिची मजल कुठवर गेली होती हे जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राने पाहिले. विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप झाल्यानंतर राज्याच्या कृषिमंत्र्यांचे खाते बदलले गेले. आरोप त्यांनी नाकारला. परंतु शेतकरी आत्महत्यांच्या राज्यात तो आरोप इतका झोंबला, हे पुरेसे बोलके आहे.

मात्र भारतातल्या बंदीने हुरळून जाण्याचे कारण नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून याच केंद्र सरकारने या खेळांत लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के कर बसवला होता. म्हणजे दोन वर्षे उत्पन्नाचा घास घेऊन झाल्यावर नीतीची आठवण झाली. गोव्यात मांडवीच्या पात्रात कॅसिनोंची जहाजे आजही उभी आहेत. तिथे नीतीची नौका अजून पोहोचलेली नाही. आणि डाव्या चळवळीनेही स्वतःचा हात तपासून पाहिला पाहिजे. सरकारी लॉटरीची सुरुवात केरळमध्ये १९६७ साली साम्यवादी पक्षाच्या नेतृत्वाखालील संयुक्त आघाडीच्या सरकारने केली. बेकायदा लॉटरीला आळा आणि लोककल्याणाला निधी, हा हेतू त्यामागे होता. महाराष्ट्र सरकारने १९६९ पासून तोच मार्ग धरला. तिकीट विकणाऱ्या अपंगांना आणि गरिबांना त्यातून पोट भरता आले हे खरे आहे. परंतु ‘चांगल्या कामासाठी जुगार’ हा युक्तिवाद फिलिपाईन्सच्या महामंडळाच्या युक्तिवादाहून तत्त्वतः वेगळा नाही, हे कबूल करण्याचा प्रामाणिकपणा समाजवाद्यांनी दाखवला पाहिजे. दुसऱ्याच्या सरकारने केला म्हणजे शोषण आणि आपल्या सरकारने केला म्हणजे निधिसंकलन, असा दुटप्पीपणा कार्यकर्त्याच्या जिभेवर शोभत नाही.

बंदी की नियंत्रण, या वादात म्हणूनच मूळ प्रश्न हरवता कामा नये. नुसत्या बंदीने अड्डा तळघरात जातो आणि पोलिसांच्या हप्त्यांची सोय होते. गिरणगावातल्या मटक्याचा इतिहास मुंबईच्या कामगाराला सांगायला नको. आणि नुसत्या नियंत्रणाने महामंडळाचे पोट वाढत जाते, कारण नियंत्रक स्वतःच त्या ताटावर बसलेला असतो. फिलिपाईन्सच्या अनुभवावरून काही मागण्या स्वच्छपणे पुढे येतात. जुगारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचे उत्पन्न जुगारावर अवलंबून असता कामा नये. आरोग्य आणि शिक्षण यांचा खर्च प्रत्यक्ष करांतून, धनिकांच्या संपत्तीवरील करांतून झाला पाहिजे. पगार, कर्ज आणि जुगार यांची खाती एकमेकांपासून कायद्याने तोडली पाहिजेत. जुगाराच्या जाहिराती थांबल्या पाहिजेत. पदपथावर पाच पेसोंचा डाव मांडणाऱ्याला तुरुंगात टाकणारे लष्करी राजवटीचे हुकूमनामे रद्द झाले पाहिजेत. शिक्षा व्हावी ती खेळवणाऱ्याला, खेळणाऱ्याला नव्हे. धंदा बंद झाल्यावर रस्त्यावर येणाऱ्या त्यातल्या नोकरांनाही पर्यायी काम मिळाले पाहिजे, कारण तेही कामगारच आहेत. आणि या सर्वांच्या मुळाशी असलेली मागणी म्हणजे जगण्यापुरते वेतन. तिच्यावाचून बाकीच्या मागण्या म्हणजे गळक्या छपराखाली ठेवलेली भांडी.

वस्त्या-वस्त्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्याला याहून एक अवघड काम आहे. मोबाइलवर पैसे हरलेला माणूस लाजेने गप्प बसतो. घरात सांगत नाही, संघटनेत येत नाही. कारखान्यात कमी मजुरी मिळाली तर तो ती मालकाची लबाडी समजतो, डावात हरला तर मात्र स्वतःचीच चूक समजतो. ही लाज हेच या धंद्याचे खरे कुलूप आहे. त्याला उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. त्याच्याजवळ बसून हिशेब मांडणारा, किती डाव झाले, किती नाल गेली, कर्जाचे व्याज किती चढले हे कागदावर लिहून दाखवणारा क्वचितच भेटतो. असा हिशेब मांडला की हरलेल्या माणसाला कळते की आपण दोन अनोळखी खेळाडूंशी हरलो नाही; ज्याला हरणे माहीतच नाही अशा चौथ्याशी हरलो. ज्या क्षणी हे कळते त्या क्षणी लाजेचा संताप होतो, आणि संतापाला संघटनेची वाट दाखवता येते.

जागरणाच्या रात्रीचा टोंग मृताच्या घरी जात होता, कारण तो गावाने गावासाठी काढलेला होता. फिलिपिनो जनतेने आपल्या परंपरेत परस्परसाहाय्याचा जो धागा जपला होता तो कंपन्यांनी आणि सरकारने मिळून चोरला आहे. तो परत मिळवायचा तर कोणी शवपेटीच्या खर्चासाठी पत्ते पिसावेत अशी वेळच येऊ न देणारी समाजव्यवस्था उभारावी लागेल. तोवर डाव कोणीही जिंको, हरणार ती कष्टकरी जनताच.